बॉडीला शून्य गुण

ब्रिटनमध्ये जुन्या गाडीत मोठे फेरफार केले, की तिची मूळ ओळख शिल्लक राहिली की नाही हे गुण मोजून ठरवायची पद्धत होती. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला १. मूळ चासी न कापता ठेवली आणि एकूण ८ गुण जमले, तर जुना नंबर कायम. बॉडीला या हिशेबात गुणच नव्हते. म्हणजे १९६० च्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलची ती गोल, गोंडस बॉडी काढून टाकायची, तिथे १९४३ सालच्या जर्मन सैन्याची चौकोनी पत्र्याची बॉडी चढवायची, पुढच्या मडगार्डवर कमांडरचं निशाण लावायचं, आणि सरकारदफ्तरी मात्र ती बीटलच.

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी नेमकं हेच केलं : प्रदर्शनांत उभी करायला बीटलची कुबेलवागन केली, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन लष्करी गाडी. ते निवृत्त टूलमेकर. हयात मोटारीच्या कारखान्यांत डाय आणि जिग, म्हणजे साचे आणि सुटे भाग पकडायचे साचेवजा आधार, बनवण्यात गेली, त्यामुळे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्या गॅरेजमध्ये माझा शिरकाव झाला तो भाषेमुळे. पुण्यात असताना मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले होते. इकडे नोकरीत ते फारसं उपयोगी पडलं नाही, पण शेजाऱ्यांना जुन्या जर्मन माहितीपुस्तिका वाचून सांगणारं माणूस हवं होतं. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीत काम करते, तेव्हा पाना-स्पॅनरची भीती नाही. सुरुवात वाचनापासून झाली, पुढे पत्रा धरणं, रिव्हेट मारणं, रंगाआधी पॉलिश पेपर घासणं हेही ओघाने आलं.

रीएनॅक्टमेंट, म्हणजे जुन्या लढाया वेशभूषेसह पुन्हा करून दाखवणं, हा प्रकार आपल्याकडे नवा वाटेल, पण अगदीच अनोळखी नाही. मी माणगावची. रायगड तिथून जवळ. राज्याभिषेकाच्या सोहळ्याला मावळ्यांच्या वेशातली माणसं एसटीच्या खिडक्यांतून बघतच लहानाची मोठी झाले. फरक एवढाच की शाळेच्या गॅदरिंगला महाराज व्हायला रांग लागायची आणि शाहिस्तेखान व्हायला बाईंना कुणाला तरी पकडून आणावं लागायचं. इंग्लंडात उलटा कारभार. इथल्या मैदानी प्रदर्शनांत जर्मन व्हायला हौशी माणसं कमी पडत नाहीत. गणवेश देखणे, गाड्या दुर्मीळ, आणि शत्रूशिवाय लढाई दाखवणार कशी, हा त्यांचा ठरलेला मुद्दा. मुद्दा खोटा नाही. पण देखणेपणाचं कारण ते जरा जास्तच मोकळेपणाने सांगतात, असं मला नेहमी वाटत आलंय.

कॉव्हेंट्रीत राहून जर्मन गाडी करायची, याला तसं धाडस लागतं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर भाजून काढलं. पाचशेहून अधिक माणसं गेली, मध्ययुगीन कॅथीड्रल जळलं. त्याच्या उघड्या भिंती तशाच ठेवून शेजारी नवं कॅथीड्रल बांधलं, ते १९६२ मध्ये खुलं झालं. गावाच्या वाहन संग्रहालयात ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीची हंबर स्टाफ कार उभी आहे, तीही इथल्याच कारखान्याच्या परंपरेतली. मग हंबरच का नाही बनवली? हा प्रश्न शेजाऱ्यांना जो तो विचारतो. त्यांचं उत्तर तयार असतं : ‘हंबरचे पार्ट कुठून आणू? बीटलचे पार्ट अजून टपालाने घरी येतात.’

हे खरंच आहे, आणि त्यात त्या युद्धाचा एक चमत्कारिक हिशेब दडलेला आहे. जर्मन सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे खऱ्या अर्थाने रुबाबदार गाड्या होत्या : हॉर्श, मर्सिडीज, लांबलचक बॉनेटच्या, जड, पेट्रोलपिऊ. त्यांतली एखादी आज मिळालीच तर किंमत ऐकून माणूस खाली बसेल, आणि प्रतिकृती करायची तर चासीपासून सगळं घडवावं लागेल. याउलट कुबेलवागन, म्हणजे फोक्सवॅगनचं टाइप ८२ मॉडेल, ही बीटलची सख्खी बहीण. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर दोघींचं सारखं, २४०० मिलिमीटर. मधोमध तोच नळीसारखा कणा, तीच टॉर्शन बारची, म्हणजे पीळ घेणाऱ्या दांड्याची, स्प्रिंग, मागे तेच हवेने गार होणारं चार सिलिंडरचं इंजिन. १९४० ते १९४५ या काळात अशा सुमारे ५०,००० गाड्या झाल्या आणि बटालियनच्या कमांडरपासून टपाल वाटणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांनी त्या वापरल्या. खरं तर बीटलच्याच बॉडीची, चारही चाकांना जोर देणारी एक अस्सल कमांडर गाडीही होती, टाइप ८७. ती बनवणं सर्वांत सोपं. पण प्रदर्शनात ती उभी केली की लोक म्हणतात, ‘अरे, बीटलला करडा रंग दिलाय!’ आणि पुढे जातात. शेजाऱ्यांना हे परवडणारं नव्हतं.

मूळ गाडी कागदावर फारच किरकोळ दिसते. सुरुवातीचं इंजिन ९८५ सीसीचं, २४ अश्वशक्तीच्याही आतलं. १९४३ पासून ११३१ सीसी आणि २५ अश्वशक्ती. जोर फक्त मागच्या दोन चाकांना. तरी चिखलात आणि वाळूत ती चालायची, कारण वजन सव्वासातशे किलोच्या आसपास आणि पोट सपाट. सैन्याची एक अट मला विशेष आवडली : पाठीवर ओझं घेतलेल्या शिपायांच्या चालीने, म्हणजे ताशी साधारण ४ किलोमीटरने, गाडी इंजिन बंद न पडता चालली पाहिजे. त्यासाठी मागच्या चाकांच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, जादा गिअर बसवले. त्याने वेग उतरला आणि गाडी जमिनीपासून उचललीही गेली. युद्धानंतर हीच युक्ती फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये गेली आणि १९६७ पर्यंत टिकली. ज्या व्हॅनमधून हिप्पी मंडळी फुलं माळून फिरली, तिच्या मागच्या चाकांत वेहरमाख्टच्या, म्हणजे जर्मन सैन्याच्या, चालीचा हिशेब फिरत होता. प्रतिकृती करणारे आज त्याच जुन्या व्हॅनचे हब शोधत असतात, नाहीतर गाडी बुटकी दिसते आणि जाणकार लांबूनच ओळखतात.

आमची आधी बुटकीच होती. हब मिळायला बराच काळ गेला आणि भाव असा की शेजारीणबाईंनी त्या दिवशी चहा विचारला नाही.

खरी मजा पत्र्यात आहे. कुबेलवागनचे दरवाजे, कडा, बॉनेट सगळीकडे उभ्या-आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या दिसतात. ती नक्षी नव्हे. पातळ सपाट पत्रा हलला की थरथरतो, वाजतो, पोचे पडतात. त्यात घडी उमटवली की तोच पत्रा ताठ होतो. बर्लिनच्या आम्बी-बुड कारखान्यात मोठ्या प्रेसवर एका दाबात ही घडी पडायची. आमच्याकडे हाताने फिरवायचं एक रोलर मशीन. शेजारी हँडल फिरवणार, मी पत्रा धरून रेषेवर ठेवणार. अडचण अशी, की घडी पडली की पत्रा आजूबाजूने ओढला जातो. एक घडी छान येते, दुसरी येते, तिसरीला पत्रा वाकून केळ्यासारखा होतो. मग तो टेबलावर घेऊन लाकडी मोगरीने ठोकत, हात फिरवत, पुन्हा ठोकत सरळ करायचा. डोळ्याला न दिसणारा फुगा तळहाताला बरोबर लागतो. शेजारी डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवतात आणि एका जागी बोट ठेवतात. मी पट्टी लावून बघते, तर अर्धा मिलिमीटर फरक असतोच. आमच्या कंपनीत यासाठी लेझरचं यंत्र आहे.

दरवाजे आणखी चमत्कारिक. पुढचे आणि मागचे दोन्ही मधल्या खांबाला बिजागरीने टांगलेले, म्हणजे पुढचा उलट्या दिशेने उघडतो आणि मागचा सरळ. गाडी धावताना पुढचा दरवाजा सुटला तर वारा त्याला पूर्ण उघडून टाकणार. अस्सल गाडीची कडी इतकी साधी, की शेजाऱ्यांनी आतून एक छुपी जादा कडी बसवली. ‘अस्सलपणा मी मरेपर्यंत पाळीन, त्याच्यामुळे मरणार नाही,’ हे त्यांचं वाक्य.

रंगावरून मात्र या मंडळींची जी हाणामारी चालते तिला तोड नाही. युद्धाच्या सुरुवातीचा गडद करडा, जर्मन रंगयादीत राल ७०२१. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला की आता मूळ रंग गडद पिवळा, त्यावर लाल-तपकिरी आणि हिरवट पट्टे तुकडीने आपापले मारावेत. हा गडद पिवळा नक्की कसा, यावर हौशी लोक एकमेकांशी बोलणं टाकतात. कुणाचा मोहरीच्या चटणीकडे झुकतो, कुणाचा ओल्या वाळूकडे. गंमत अशी की आघाडीवर रंग डब्यात घट्ट लगद्याच्या रूपात पोहोचायचा आणि शिपाई तो पेट्रोलमध्ये नाहीतर पाण्यात, हाताशी असेल त्यात, पातळ करून फासायचे. म्हणजे एकाच तुकडीतल्या दोन गाड्यांचा रंगही जुळत नसणार. हे मी वाचून दाखवलं, तर शेजारी म्हणाले, ‘मग मी कोणता शिपाई आहे ते आधी ठरवावं लागेल.’ त्यांनी घाईतला शिपाई व्हायचं ठरवलं आणि फटकारे मुद्दाम ओबडधोबड ओढले. टूलमेकर माणसाला ओबडधोबड काम करायला किती कष्ट पडतात, ते बघण्यासारखं होतं.

सगळ्यांत मला आवडला तो मागचा छोटा दिवा. ब्लॅकआउटमध्ये रात्री ताफा चालायचा तेव्हा विमानाला दिसू नये म्हणून पुढे डाव्या मडगार्डवर झाकणाखालून जमिनीकडे उजेड टाकणारा एक चपटा नोटेक दिवा असायचा, आणि मागे चार बारीक खिडक्यांची एक डबी. मागून येणारा ड्रायव्हर फार लांब असला की चार खिडक्या मिळून एकच ठिपका दिसतो. योग्य अंतरावर आला की दोन. चार दिसले की समजायचं आपण फार जवळ आलो, ब्रेक लावा. काही मोजायचं नाही, बोलायचं नाही. डोळ्याच्या मर्यादेचाच गेज केलेला. आम्ही आमची डबी तयार करून रात्री गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन पाहिली. एक, दोन, चार. बरोबर. मला मनापासून टाळी वाजवावीशी वाटली, आणि लगेच वाटलं, हा दिवा कुठल्या गावांच्या दिशेने जाणाऱ्या ताफ्यांवर होता?

माहितीपुस्तिका वाचता वाचता मी कारखान्याविषयीही वाचू लागले, आणि तिथून आमच्या गॅरेजमधली हवा थोडी बदलली. फोक्सवॅगनच्या कारखान्याची कोनशिला हिटलरने २६ मे १९३८ रोजी बसवली. सामान्य जर्मन कुटुंबाला ९९० मार्कांत गाडी, आठवड्याला ५ मार्कांची तिकिटं चिकटवून. सुमारे ३,३६,००० लोकांनी पैसे भरले. त्यांच्यातल्या एकालाही युद्ध संपेपर्यंत गाडी मिळाली नाही. त्या जागी कुबेलवागन बाहेर पडू लागल्या. इथवर शेजारी हसत होते. आपल्याकडेही बुडीत भिशीची गोष्ट लोक हसतच सांगतात. पुढचं हसण्यासारखं नव्हतं. युद्धकाळात त्या कारखान्यात एकूण २०,००० च्या आसपास माणसं सक्तीने राबवली गेली : पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशांतून आणलेल्या बायका-पुरुष, युद्धकैदी, इटालियन सैनिक, छळछावण्यांतले कैदी. १९४४ मध्ये कामगारांपैकी दोन तृतीयांश हेच होते. पोलिश आणि सोव्हिएत बायकांना तिथे मुलं झाली, ती त्यांच्यापासून काढून घेतली गेली. आधी कारखान्याच्या शहराजवळ, मग रुह्येन नावाच्या खेड्यात ‘बालगृह’ म्हणून ठेवली. तिथे साडेतीनशेच्या वर तान्ही बाळं घाणीत, उपासमारीत, रोगाने मेली. कारखान्याचा डॉक्टर हान्स क्योर्बेल त्याला जबाबदार होता. ब्रिटिश लष्करी न्यायालयाने १९४६ मध्ये खटला चालवला आणि १९४७ मध्ये त्याला फाशी झाली. कारखान्याच्या जुन्या हवाईहल्ला आश्रयघरात १९९९ पासून या सक्तीच्या कामगारांचं स्मृतिस्थळ आहे.

शेजाऱ्यांना ब्रिटिशांचा भाग सांगायला आवडतो : युद्धानंतर बॉम्बने मोडलेला तो कारखाना ब्रिटिश मेजर आयव्हन हर्स्ट याने कसा चालू केला, ब्रिटिश सैन्याने २०,००० गाड्यांची ऑर्डर कशी दिली, नाहीतर जगाला बीटल दिसलीच नसती. हे सगळं खरं आहे. पण तो भाग सांगायचा तर रुह्येनचाही सांगायला हवा, असं माझं म्हणणं. प्रदर्शनात प्रत्येक गाडीपुढे एक फलक असतो. त्यावर इंजिन, वजन, वेग, रंगाचा क्रमांक इतकं असतं. ज्यांना १९४३ च्या फेब्रुवारीत रंग बदलला हे तारखेनिशी ठाऊक आहे, त्यांना त्याच वर्षी ती गाडी जोडणारे हात कुणाचे होते हे ठाऊक नसावं? अस्सलपणाचा हा सगळा सोस नेमका त्या रेषेवर येऊन थांबतो. पत्रा अस्सल हवा, टाके अस्सल हवेत, नंबरप्लेटवरची डब्ल्यूएच ही जर्मन भूदलाची अक्षरं अस्सल वळणाची हवीत; माणसं मात्र नकोत. बॉडीला शून्य गुण देणारं सरकार निदान नियम छापून मोकळं झालं होतं.

आमची यावर कुरबुर झाली. त्यांचं म्हणणं, लोक सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन येतात, आइस्क्रीम खात खात बघतात, त्यांना हे का सांगायचं. शेवटी फलकावर दोन परिच्छेद आले. अक्षर बारीक होतं. मी ते मोठं करून घेतलं. बॉनेटवर विमानांना ओळख पटावी म्हणून जर्मन सैन्य स्वस्तिकाचा झेंडा पसरायचं, तो मात्र त्यांनी स्वतःहून कधीच आणला नाही. जर्मनीत तो जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे, इंग्लंडात सरसकट नाही. त्यामुळे इथे ते ज्याच्या त्याच्या अकलेवर. १९४० चं दशक जागवणाऱ्या अनेक ‘फॉर्टीज वीकेंड’ मेळ्यांनी जर्मन गणवेशालाच मनाई केली आहे. मला ती मनाई थोडी सोयीची वाटते. लष्करी बँड, लाल लिपस्टिक आणि केक एवढंच युद्ध उरलं की तेही खोटंच.

मग एका प्रदर्शनात मला सल्ला मिळाला. जर्मन गणवेशातला एक भला माणूस अगदी उत्साहाने म्हणाला, ‘तुम्हीही आमच्यात या की! भारतीयांची तुकडी होती आमच्याकडे!’ होती. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून सुभाषचंद्र बोसांच्या बर्लिनमधल्या प्रयत्नांनी उभी राहिलेली, सॅक्सनीतल्या क्योनिग्सब्रुकमध्ये शिकलेली, काही हजारांची. जर्मन गणवेश, बाहीवर तिरंगा आणि झेपावणारा वाघ. ऑगस्ट १९४४ मध्ये ती वाफेन-एसएसकडे, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ शाखेकडे, वर्ग झाली. मी त्याला एवढंच म्हटलं, की बायका त्या तुकडीत नव्हत्या. सुटका झाली. पण घरी आल्यावर सुटका होईना. आमच्या माणगावच्या घरात नेताजींचा फोटो आहे, आणि घरातून बाहेर पडून तहसील कचेरीकडे गेलं की नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा. पळसगावचा मुलगा, वय २२, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनमधले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. तो एकटा मशीनगनवर धावून गेला, ग्रेनेड फेकला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढला, आणि तिथेच मारला गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोर जर्मन होते. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. फोटोही आपला, पुतळाही आपला. लहानपणी कुणाला त्यात विसंगती वाटली नाही, आणि मला आज ती सोडवता येत नाही. वाफेन-एसएसची बाही मात्र कुणाच्याही आग्रहाने अंगावर चढणार नाही, एवढं नक्की.

त्यातूनच मला एक कल्पना सुचली. पकडलेल्या कुबेलवागन मित्रसैन्याने सर्रास वापरल्या. अमेरिकी लष्कराने तर जून १९४४ मध्ये या गाडीची इंग्रजी माहितीपुस्तिकाच छापली. मग आपली गाडी पकडलेली का असू नये? इटली, १९४४ चा उन्हाळा, गडद पिवळ्यावर घाईने मारलेला मित्रसैन्याच्या खुणेचा पांढरा तारा, आणि मराठा पलटणीचा ड्रायव्हर. शेजाऱ्यांचे वडीलही इटलीतच ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यात होते, तेव्हा त्यांनाही काही परकं नाही. धुऊन निघणारा पांढरा रंग वापरला तर एका प्रदर्शनात गाडी जर्मन कमांडरची, दुसऱ्यात आपली. फलकाचं तेवढं पुन्हा लिहावं लागेल, ते मी करीन.

त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘तारा केवढा? वर्तुळासह की नुसता? बॉनेटवर स्पेअर चाक असताना तो बसवायचा कुठे? आणि तुझ्या पलटणीने ही गाडी पकडली होती याचा फोटो आहे?’

फोटो नाही. फोटो मिळेपर्यंत ब्रशला हात लावणार नाही म्हणतात. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातली इटलीतली छायाचित्रं मी रोज रात्री थोडी थोडी बघते आहे. भारतीय सैनिक आहेत, खेचरं आहेत, चिखल आहे, जीप तर ढिगाने. कुबेलवागन अजून नाही. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या केंद्राला लिहायचं पत्र अर्धं झालंय. या फोटोसाठी जुन्या जवानांच्या कुटुंबांना विचारा, असं कुणी म्हणालं तर मे महिन्यात माणगावला जाणारच आहे, तेव्हा पळसगावपासून सुरुवात करता येईल.